‘भाईर जायाचं हाय’ : निपाणीच्या आक्कांचं प्रकरण

हे प्रकरण एका बाईचं, एका निवासी केंद्रातलं आणि जेमतेम पाच आठवड्यांचं आहे. केंद्र बेळगाव शहराच्या कडेला आहे. त्याचं नाव देत नाही. बाईंची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलीच्या आणि व्यवस्थापकांच्या संमतीने लिहिते आहे. मी परिचारिका. रुग्णालयातून निवृत्त झाल्यापासून वृद्धांची सेवा करणाऱ्या मुलींना शिकवते. घरी स्मृतिभ्रंशाचं माणूस सांभाळणाऱ्यांनी हे वाचावंच, पण केंद्र चालवणाऱ्यांनी आणि तिथे औषधं लिहून देणाऱ्या डॉक्टरांनीही वाचावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आक्का

वय ७८. निपाणीच्या. घरात आणि गल्लीत सगळे त्यांना आक्का म्हणत. चाळीसहून जास्त वर्षं त्यांनी विड्या वळल्या. निपाणीच्या बाजूला हे काम किती घरांनी केलंय ते तिकडच्या माणसाला सांगायला नको. टेंभुर्णीची पानं आदल्या रात्री भिजवायची, सकाळी घरचं आवरून सूप मांडीवर घ्यायचं, फर्मा ठेवून कात्रीने पान कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळायचं, दोरा गुंडाळायचा, टोक मुडपायचं. पंचवीस विड्यांचा एक कट्टा, चाळीस कट्टे झाले की हजार. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण हिशेबाला पक्क्या. मुलगी सांगते की कारखान्याच्या माणसाने एक कट्टा कमी धरला, तर आक्का तो त्याच्याकडून मोजून घ्यायच्या.

मातृभाषा मराठी. कन्नड यायचं, ते बाजारापुरतं, बसपुरतं. सीमाभागात असं कन्नड हजारो मराठी बायकांना येतं, आणि असंच मराठी हजारो कन्नड बायकांना.

सहा वर्षांपूर्वी पहिली चूक दिसली ती कामातच. तंबाखू न घालता नुसतीच पानं वळलेली निघू लागली, विड्या नापास होऊन परत यायला लागल्या. मग मीठ दोनदा, मग गॅस तसाच चालू, मग स्वतःच्या गल्लीत रस्ता चुकणं. निदान झालं अल्झायमरचं. साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असावा, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीतून निघाला. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त. आक्का यातल्या पहिल्यात बसतात. एवढ्या माणसांना सांभाळणार कोण, याचं उत्तर आपल्याकडे अजूनही सून किंवा लेक असंच आहे.

मुलगा निपाणीला, त्याची नोकरी पाळीची. सुनेला मणक्याचा त्रास सुरू झाला आणि रात्री आक्कांना उचलणारं कोणी उरलं नाही. मुलगी बेळगावात, दोन खोल्यांचं घर. पावसाळ्याच्या तोंडावर दोघांनी मिळून आईला बेळगावच्या केंद्रात ठेवलं. महिन्याचे अठरा हजार, दोघांनी निम्मे निम्मे. आईला टाकलं, असं नातेवाईक बोलले. ते बोलणं मुलीच्या मनात अजून आहे, आणि ते खोटं होतं हे मला इथे लिहून ठेवायचंय.

नोंदवहीतले पाच आठवडे

केंद्र वाईट नव्हतं. स्वच्छ फरशी, कॅमेरे, पलंगांना कठडे, रोज धुतलेल्या चादरी. बावीस रहिवासी. दिवसा चार जणी, रात्री एक. सेवा करणाऱ्या मुली बैलहोंगल, गोकाक, सौंदत्ती भागातल्या, बहुतेक कन्नड बोलणाऱ्या, विशीतल्या, आणि कामाला कष्टाळू. नोंदवही कन्नडमध्ये. ती मी मुलीबरोबर बसून पानापानाने वाचली.

दाखल होताना स्मरणशक्तीची तीस गुणांची चाचणी घेतली होती. आक्कांना पाच गुण. चाचणी कन्नडमध्ये. त्यात वाक्य वाचून दाखवायचं असतं, एक वाक्य लिहायचं असतं, दोन पंचकोन काढायचे असतात, शंभरातून सात-सात वजा करत जायचं असतं. ज्या बाईने आयुष्यात पेन्सिल धरली नाही तिला हे परक्या भाषेत विचारलं आणि ‘तीव्र स्वरूपाचा’ असा शेरा मारला. पुढच्या पाच आठवड्यांत आक्का जे जे बोलल्या त्याच्याकडे त्या शेऱ्यातूनच पाहिलं गेलं. तीव्र आहे, म्हणजे बोलण्याला अर्थ नाही.

नंतर शिकलेली भाषा या आजारात अनेकदा आधी हातातून सुटते आणि आईच्या मांडीवर शिकलेली शेवटपर्यंत राहते. आक्कांचं बाजारातलं कन्नड निपाणीलाच विरलं होतं. केंद्रात मुली त्यांना ‘अज्जी’ म्हणत. मायेनेच म्हणत. पण आक्कांच्या मनात त्या पस्तीस वर्षांच्या होत्या, पोरं शाळेतून यायची होती. ‘अज्जी’ म्हटलं की त्या मागे वळून बघत, कोणाला हाक मारली म्हणून.

तिसऱ्या दिवसाची नोंद: ‘दाराकडे जाते. बाहेर जायचं म्हणते. पळून जाण्याची शक्यता.’ दाराला वरून कडी बसली. पाचव्या दिवशी: ‘दार वाजवते, ओरडते.’ सहाव्या दिवशी आंघोळीच्या वेळी एका मुलीला बोचकारलं. आठव्या दिवशी: ‘रात्री गलाटे.’ इथून पुढे हा शब्द जवळजवळ रोज आहे. गलाटे म्हणजे दंगा. काय म्हणत होत्या, कुठे हात लावला की ओरडत होत्या, किती वाजता, शेवटचं शौचाला कधी झालं होतं, यातलं काही नाही. नुसतं गलाटे.

नवव्या दिवशी केंद्राने आठवड्याला येणाऱ्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी न बघता हॅलोपेरिडॉल सांगितलं, म्हणजे भास-भ्रम आवरायचं मनोविकारावरचं औषध, रात्रीची एक गोळी. बाराव्या दिवशी आक्का चालताना पाय ओढू लागल्या, आणि फोनवर कळवलं गेलं की बोटंही थरथरतात. हॅलोपेरिडॉलने असं अंग ताठतं. ते ताठणं खरंच होतं. त्यासाठी ट्रायहेक्सीफेनिडिल सुरू झालं. सोळाव्या दिवशी पातळ शौचाला लागलं, दिवसातून पाच-सहा वेळा कपडे खराब. जुलाब थांबवायला लोपेरामाइड. एकोणिसाव्या दिवशी पलंगाच्या कठड्यावरून उतरताना पडल्या, कपाळाला खोक. एकविसाव्या दिवसापासून संध्याकाळी पाच ते रात्री नऊ त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत ओढणीने बांधून ठेवत. नोंदवहीत ‘सुरक्षेसाठी’ असं लिहिलेलं आहे.

भेटीचा नियम पंधरवड्यातून एकदा, रविवारी. आधीच्या भेटीच्या रविवारी मुलीला सांगितलं गेलं होतं की त्या झोपल्यात, उठवू नका. पाचव्या आठवड्यातल्या रविवारी ती आत गेली. आईच्या दोन्ही मनगटांवर ओढणीचे वळ होते. ती रात्री माझ्याकडे आली आणि बराच वेळ काहीच बोलली नाही.

सोमवार

व्यवस्थापकांनी मला येऊ दिलं, नोंदवही दाखवली, काही लपवलं नाही. हे मी आवर्जून लिहिते, कारण त्यांनी दार लावून घेतलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

आक्का खुर्चीत होत्या. मान छातीवर, तोंडातून लाळ, डोळे अर्धे. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिली दोन बोटं चालू होती. औषधाने येणारी बोटांची थरथर मी पुष्कळ पाहिली आहे. ती एका लयीत, थांबल्याशिवाय, सेकंदाला चार-पाच वेळा चालते. ही तशी नव्हती. बोटं फिरत, थांबत, मग डावा हात पुढे येऊन काहीतरी गुंडाळल्यासारखं करे, आणि नखाने काहीतरी आत दाबलं जाई. मग पुन्हा पहिल्यापासून. मुलगी शेजारी उभी होती. ती म्हणाली, “विडी वळतीया ती.”

फोनवर जी थरथर सांगितली गेली होती ती ही. चादरीच्या कडा उसवून धागे काढते अशीही तक्रार नोंदवहीत दोनदा होती. तो दोरा होता.

तेवढ्यात आक्का पुटपुटल्या, “मला भाईर जायाचं हाय. सोड की गं.”

मी स्वतः मराठी, बेळगावात वाढलेली. मी ऐकलं आणि दाराकडे बघितलं. मुलीनेही दाराकडे बघितलं. माझ्या हातून झालेली ही चूक मी लपवणार नाही. भाषा येणाऱ्या दोघी तिथे होतो आणि दोघींनाही कळलं नाही.

कळलं ते फरशी पुसणाऱ्या मावशींना. त्या हुक्केरीकडच्या, घरी कन्नड. रहिवाशांना हात लावायचं काम त्यांचं नव्हतं, म्हणून पाच आठवड्यांत त्यांना कोणी काही विचारलंही नव्हतं. त्या मोडक्या मराठीत म्हणाल्या, “बाई, आमची अज्जी पण असंच म्हणायची. होरकडे होगबेकु. होरकडे म्हणजे बाहेर. म्हणजे संडासला.”

घरात संडास नसलेल्या पिढीची ही भाषा आहे. बाहेरला जाणं, परसाकडं जाणं, कन्नडमध्ये होरकडे. शब्द वेगळे, अर्थ एक, आणि लाजही एकच. आक्का पाच आठवडे रोज, स्वच्छ शब्दांत, संडासला जायचंय म्हणून सांगत होत्या. आम्ही ते पळून जाणं म्हणून लिहून घेतलं, दाराला कडी घातली आणि शेवटी त्यांना बांधलं.

पोटात काय होतं

मी पोटावर हात ठेवला. डाव्या बाजूला खाली कडक गाठींची रांग हाताला लागत होती, आणि ओटीपोटात बेंबीच्या थोडं खालपर्यंत गोल, ताणलेला फुगा. तो मूत्राशय होता. तिथे हात लावला तेव्हा आक्कांनी माझा हात धरून बाजूला केला. आंघोळीच्या वेळी त्या याच हाताने बोचकारत होत्या. त्याच दुपारी रुग्णालयात नेलं. लघवीची नळी घातल्यावर जवळजवळ ९०० मिलिलिटर लघवी निघाली. गुदाशय सुकलेल्या मळाने गच्च भरलेला होता. एनिमा देऊन तो मोकळा करायला दोन दिवस लागले.

इथे थोडं थांबून हे कसं घडत गेलं ते सांगते, कारण असंच दुसऱ्या घरांतही घडत असणार.

दाखल होताना आक्कांना लोहाची आणि कॅल्शियमची गोळी चालू होती. दोन्हींनी मलावरोध होतो. निपाणीला त्या दोन वेळा ज्वारीची भाकरी खायच्या. इथे तिन्ही वेळा भात आणि सांबार. पावसाळ्यातल्या बेळगावच्या गारठ्यात पाणी मागून प्यायची बुद्धी नाही, आणि कोणी ग्लास हातात दिला नाही. केंद्रात कमोड, तोही उंच. आयुष्यभर उकिडवं बसलेली बाई त्यावर बसली की पाय लोंबकळतात, पोटाला जोर लागत नाही. त्यात दार उघडं ठेवून समोर सेवेतली मुलगी उभी. कुठली बाई बसेल?

तुंबलेला मळ मूत्राशयाच्या तोंडावर दाबतो आणि लघवी अडते. याने कोणीही बेचैन होईल. बेचैनीला गोळी मिळाली. गोळीने अंग ताठलं, त्याला दुसरी गोळी मिळाली. ही दुसरी, ट्रायहेक्सीफेनिडिल, आतड्याची हालचाल आणखी मंद करते, मूत्राशय आणखी अडवते आणि म्हाताऱ्या मेंदूचा गोंधळ वाढवते. मग साठलेल्या कडक मळाच्या बाजूने पातळ पाणी झिरपू लागलं. ते जुलाब दिसले, होती गळती. जुलाब थांबवायच्या गोळीने उरलंसुरलं आतडंही थांबलं. एकामागून एक आलेल्या या तीन पायऱ्यांतली प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवरचा इलाज होती. औषध लिहिणाऱ्याने एकदा पोटाला हात लावला असता तर पहिलीच पायरी आली नसती.

स्मृतिभ्रंश महिन्यांनी आणि वर्षांनी वाढत जातो. माणूस चार-आठ दिवसांत बदललं, तर कारण शरीरात शोधायचं: लघवीचा संसर्ग, तुंबलेलं पोट, दुखणारा दात, पाणी कमी पडणं, नवं औषध. मी शिकवायला जाते तिथे ही एकच गोष्ट मुलींकडून पाठ करून घेते. वेदना सांगता येत नसेल तर ती बघता येते. श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची ठेवण आणि समजूत घातल्यावर शांत होणं, या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण द्यायचे. कागद एक, वेळ पाच मिनिटं. त्यासाठी डॉक्टर लागत नाही, इंग्रजी लागत नाही.

आणि हॅलोपेरिडॉलबद्दल. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांना अशी औषधं दिल्यास मृत्यूचा धोका वाढतो असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी नव्या पिढीतल्या औषधांवर २००५ मध्ये आणि हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्यांवर २००८ मध्ये छापायला लावला. ब्रिटनच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की आधी त्रासाचं कारण शोधा. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याचा धोका किंवा तीव्र यातना असतील तरच द्या, कमीत कमी द्या, आणि किमान दर सहा आठवड्यांनी गरज पुन्हा तपासा. ही औषधं कधीच देऊ नयेत असं मी म्हणत नाही. भास होऊन रात्रभर घाबरलेल्या माणसाला ती लागतात. पण ‘गलाटे’ हे निदान नाही.

ओढणी

बांधण्याबद्दल व्यवस्थापकांशी माझं दोन तास बोलणं झालं. त्यांचं म्हणणं: “मॅडम, रात्री एक मुलगी, बावीस माणसं. ही पडली तर तुम्हीच विचारणार, कशी पडली?” प्रश्न खरा आहे. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ यावर गप्प नाही. साखळीने बांधायला त्यात पूर्ण मनाई आहे. अन्य प्रकारे जखडायचं तर तात्काळ होणारी इजा टाळायचा तोच एक मार्ग उरला असेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञांच्या संमतीने, गरजेपुरत्या वेळेसाठी आणि कारण, पद्धत, वेळ लिहून. आणि कर्मचारी कमी आहेत एवढ्या कारणासाठी जखडता येणार नाही, असं कायदा शब्दांत सांगतो. त्याच्या व्याख्येत विचार, भावना, दिशा-काळाचं भान आणि स्मृती यांचे गंभीर विकार मोडतात. म्हणून आम्ही वृद्धाश्रम आहोत, आम्हाला हा लागू नाही, हे म्हणणं मला पटत नाही. अशा माणसांना ठेवून घेऊन त्यांची शुश्रूषा करणाऱ्या घराने त्या कायद्याखाली नोंदणी केली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

बांधल्याने पडणं थांबतं हेही खरं नाही. बसून बसून मांड्यांचं बळ जातं, सोडल्यावर माणूस आधीपेक्षा लवकर पडतं. माकडहाडाला आणि टाचांना जखमा होतात. बांधलेल्यातून निसटायच्या धडपडीत गळ्याला फास लागू शकतो. आक्कांच्या माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग होता, दाबल्यावर पांढरा न होणारा. जखमेची ती पहिली पायरी. आणखी आठवडाभर तसंच चाललं असतं तर तिथे भोक पडलं असतं.

मुलीने तक्रार करायचं ठरवलं असतं तर मी तिच्याबरोबर गेले असते. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा क्रमांक आहे, मानसिक आरोग्यासाठी १४४१६. दोन्ही तिला दिले. तिने विचार करून सांगितलं की आईला इथेच ठेवते, पण नीट. कोल्हापूर निपाणीहून जवळ, तिथे मराठी केंद्र मिळेल असं भावाने सुचवलं होतं. ती म्हणाली, “तिथली पोरं तरी भाईर म्हंजी काय ते सांगतील का?” तिचं बरोबर होतं. आठ दिवसांनी मी माझ्या वर्गात विचारलं. चौदा मराठी मुलींपैकी तिघींना माहीत होतं.

काय बदललं

धारवाडच्या मानसोपचारतज्ज्ञांनी ट्रायहेक्सीफेनिडिल आणि लोपेरामाइड लगेच बंद केलं, हॅलोपेरिडॉल टप्प्याने कमी करत तीन आठवड्यांत थांबवलं. रुग्णालयातल्या तिसऱ्या सकाळी आक्कांनी डोळे उघडून मुलीला विचारलं, “च्या केलीस का?” ती मला हे फोनवर सांगताना रडली.

केंद्रात परत आल्यावर सगळ्यात आधी संडास बदलला. कमोडपुढे पायांखाली घ्यायला लाकडी पाट, उजव्या हाताला भिंतीत दांडी, दार लोटलेलं, सेवेतली मुलगी बाहेर. सकाळचा चहा-नाश्ता झाल्यावर अर्ध्या तासात नेऊन बसवायचं, कारण खाल्ल्यावर आतडं आपोआप हलतं. हातात पाण्याचा तांब्या. पहिले दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी झालं, आणि त्यानंतर ही वेळ बहुतेक ठरून गेली. दुपारी भाकरी आमटीत कुस्करून. दर दोन तासांनी कोमट पाण्याचा पेला हातात, मागितलं नाही तरी.

आंघोळीचं भांडण दोन गोष्टींनी मिटलं. अर्धा तास आधी गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल, आणि अंगावर परकर तसाच ठेवून आंघोळ. त्या पिढीच्या बायका उघड्या अंगाने आंघोळ करत नसत, परक्यांसमोर तर नाहीच. पाणी डोक्यावर ओतायचं नाही, आधी पायांवर, मग आक्कांच्याच हातात तांब्या द्यायचा. ही युक्ती एका सौंदत्तीच्या मुलीने स्वतः शोधून काढली.

आणि सूप. मुलगी घरून सूप, बोथट कात्री, वहीच्या जाड कागदाच्या पट्ट्या आणि दोऱ्याचं रीळ घेऊन आली. संध्याकाळी पाच वाजता, जेव्हा ओढणी बांधली जायची तेव्हा, आक्कांना सतरंजीवर भिंतीला टेकून बसवलं आणि सूप मांडीवर दिलं. पहिल्या दिवशी त्यांनी पट्ट्या हातात घेऊन वास घेतला, नाक मुरडलं, आणि वळायला बसल्या. दोरा गुंडाळून झाला की बाजूला ठेवत. थोड्या वेळाने ढीग ओढून त्यांनी मोजून बांधला. मी तो नंतर सोडून मोजला. पंचवीस. शंभरातून सात वजा न करता आल्यामुळे ज्या बाईला पाच गुण पडले होते, तिचा तो कट्टा होता.

संध्याकाळची घालमेल संपलेली नाही. पोरं यायची वेळ झाली की त्या अजूनही उठतात, दाराशी जातात, कधी रडतात. तेव्हा एकजण त्यांच्याबरोबर अंगणात दोन फेऱ्या मारते. आजार वाढतोच आहे, शब्द कमी होत चाललेत. हे कोणत्याही केंद्राने थांबणार नाही.

प्रत्येक रहिवाशाच्या फायलीत आता पहिल्या पानावर एक कोरा रकाना आहे: त्यांचे शब्द. घरच्यांना बसवून तो भरून घ्यायचा. भुकेला काय म्हणतात, दुखण्याला काय, लघवी-संडासला काय, कोणत्या नावाने हाक मारलेली चालते, हात कोणत्या कामाला लागलेले आहेत. शब्द माणसाच्या भाषेत, मराठी असो, कन्नड, उर्दू की कोकणी, आणि शेजारी अर्थ कन्नडमध्ये, मुलींना वाचता यावा म्हणून. खानापूरकडच्या एका आजोबांच्या फायलीत ‘गुरं बांधली का’ याचा अर्थ ‘मला झोपायचंय’ असा लिहिलेला आहे. हुक्केरीच्या मावशींना व्यवस्थापकांनी नव्या फायली भरताना बोलवायला सुरुवात केली. त्या लिहीत नाहीत, त्या ऐकतात आणि विचारतात.

बदललं नाही ते रात्रीचं. बावीस माणसांना अजून एकच मुलगी. दुसरी ठेवायची तर महिन्याला दर रहिवाशामागे सहाशे-सातशे रुपये वाढतील. व्यवस्थापक म्हणतात, चार घरं माणसं घेऊन जातील. मी त्यांना म्हणाले की हा खर्च घरच्यांसमोर मांडा, काय मिळतंय आणि काय मिळत नाही ते त्यांना कळू दे. अजून मांडलेला नाही. पुढच्या बैठकीला मुलगी स्वतः विषय काढणार आहे, आणि मी तिच्याबरोबर जाणार आहे.

थंडीत गेले तेव्हा नोंदवही पुन्हा उघडली. आदल्या रात्रीच्या पानावर दोन ओळी होत्या, एकाच हाताच्या. ‘३:१० आक्का “भाईर” म्हणाल्या. नेलं. झालं. शांत झोपल्या.’ आणि तिच्याखाली: ‘३:३५ चार नंबरचे अज्जा पलंगाखाली बसलेले आढळले. मी संडासाजवळ होते.’